रिंग

अनसिंग गावी, आमच्या घरी, ओसरीतल्या टेबलावर तीन वस्तू होत्या: माझा मिररलेस कॅमेरा, बाबांची जुनी लेन्स आणि दोघांना जोडणारा अडॅप्टर. अडॅप्टर म्हणजे नुसतं धातूचं कडं. त्यात मोटार नाही, तार नाही. लेन्सवरची फोकसची रिंग हातानंच फिरवावी लागते; तिच्यावर मीटरमधल्या अंतराचे आकडे कोरलेले.

बाबांनी पंचक्रोशीतली लग्नं टिपली. ते गेल्यापासून आईनं कुणालाच आपला फोटो काढू दिला नव्हता. मला तिचा एक तरी हवा होता.

"लेन्स बाबांचीच आहे," मी म्हटलं.

"मंग काढ. पण नाक मोठं आलं तं पाह्यजो!"

ती समोर खुर्चीत बसली. कॅमेरा टेबलावर ठेवून मी हात मागे घेतला. आई हसून पुढे झुकली, तशी रिंग हळूच फिरली. ती मागे टेकली, रिंग परत आली. पडद्यावर तिची पापणीन् पापणी स्पष्ट दिसत होती.

मी घाईनं बटण दाबलं. फोटो सुंदर आला.

"आई, ही रिंग आपोआप फिरतेय."

आईनं पदर सारखा केला. तिची नजर माझ्याकडे नव्हती, लेन्सकडे होती.

"येते जी, चहा मांडून," ती म्हणाली आणि आत गेली.

आई भिंतीआड झाली, तरी रिंग फिरत राहिली. मग थांबली. लेन्सवरच्या खुणेसमोर पाचाचा आकडा होता.

मी टेप आणली. कॅमेऱ्यापासून भिंत, भिंतीची जाडी, भिंतीपासून गॅसपाशी उभी असलेली आई.

बेरीज आली पाच मीटर.