मुठीतल्या बांगड्या

सिंदीतल्या विहाराच्या अंगणात मोहल्ल्याची पंगत बसली होती आणि चुलीवर पालथा घातलेला मटका तापला होता. दरवर्षी लांब रोट्या सुलोचनाबाई टाकायच्या आणि त्यांनी उतरवलेल्या बांगड्या सून मयुरी सांभाळायची. यंदा सासूबाईंचा खांदा आखडला म्हणून मयुरीच चुलीपुढे बसली. सैल कणीक तिनं हातांवर कोपरापर्यंत झुलवून लांबवली, पण मटक्यावर टाकताना बांगडीला अडकून फाटली. सासूबाई खुर्चीवरून उठल्या, तशी मयुरी जागा द्यायला सरकली. "बस. माह्या बांगड्या ध्यानात राहते, तुह्या नाई राहत?" कणकेनं माखलेल्या बांगड्या त्यांनी सुनेच्या हातातून एकेक काढल्या, पदरानं पुसल्या आणि मुठीत धरल्या. दुसरी रोटी मटक्यावर अख्खी पसरली. पंगतीतून कोणीतरी विचारलं, "सुलोचनाबाई, तुम्ही आज रिकाम्या काऊन?" त्यांनी मूठ दाखवली. "रिकामी कुठं? बांगड्या सांभाळून राह्यली."