आधी गाऱ्हाणं

क्षिप्राने पत्ते तिसऱ्यांदा पिसले.

पहिल्यांदा सम्राज्ञी आली होती. गव्हाच्या शेतात, पोट सांभाळत ऐसपैस बसलेली. उत्तर फारच स्पष्ट असल्यामुळे क्षिप्राला ते पटलं नाही. दुसऱ्यांदा घोड्यावर बसलेला सांगाडा आला. त्याचा अर्थ मरण नव्हे, बदल असा घ्यायचा असतो. पण शनिवारी सकाळी सांगाड्याकडून समजूत घालून घ्यायची तिची तयारी नव्हती. ऑनलाइन टॅरो शिकवणाऱ्या नोएडाच्या मॅडमनी बजावलं होतं, ‘कार्ड्स से हाँ-ना मत पूछो. पूछो, मुझे क्या जानना चाहिए.’ क्षिप्राने तसंच विचारलं होतं. फक्त मनात हो-नाही धरलं होतं.

तिच्या सासूबाई, इंदुमतीबाई, पदराला हात पुसत आल्या आणि समोर बसल्या. महिनाभरापूर्वी त्या कुडाळहून लेकाकडे गुरुग्रामला आल्या होत्या आणि एकोणिसाव्या मजल्यावर पत्ते खेळायला कोणी मिळेना म्हणून कंटाळल्या होत्या.

“वाट मलाही.”

“ही रमी नाही, आई. टॅरो आहे.”

“जोकर दिसतोय की.” त्यांनी एक पत्ता उचलला.

“तो जोकर नाही. तो आला की नवी सुरुवात.”

“आमचा कुठेही लागतो. त्यामानाने आमचाच बरा.” त्यांनी पत्ता खाली ठेवला. “काय विचारतेयस?”

क्षिप्राने बंद दाराकडे पाहिलं. आत सुजयची मीटिंग चालू होती. शनिवार होता, पण गुरुग्राममध्ये ते कोणी मनावर घेत नाही. दोन वर्षं डॉक्टरांकडे खेटे घालून झाल्यावर दोघांनी ठरवलं होतं, बास. मग ‘बाळाची खोली’ म्हणून रिकामी ठेवलेल्या त्या खोलीत सुजयचं टेबल गेलं. टेबल छान बसलं. क्षिप्राला तेव्हा हलकंही वाटलं होतं, आणि हलकं वाटलं म्हणून वाईटही.

“पाळी लांबलीय,” ती म्हणाली.

इंदुमतीबाईंनी देवाचं नाव घेतलं नाही की कानशिलावर बोटं मोडली नाहीत. “तरीच,” त्या म्हणाल्या. “कापूस शोधताना ड्रॉवरमध्ये ती टेस्टची पट्टी दिसली. पाकीट फोडलेलंसुद्धा नाही.”

“पट्टी एकदाच उत्तर देते, आई.”

“आणि हे?”

“हे परत पिसता येतात.”

इंदुमतीबाईंनी मान डोलावली. मुद्दा बिनतोड होता.

“आमच्या गावी देवाला कौल लावतात,” त्या म्हणाल्या. “मूर्तीला फुलांचे कळे चिकटवायचे. उजवा पडला तर हो, डावा पडला तर नाही. पण गुरव आधी गाऱ्हाणं घालतो. काय हवंय ते मोठ्याने सांगावं लागतं. तू काय मागितलंस?”

“मागितलं नाही. नुसतं विचारलं.”

“मग ही चित्रं तरी काय करतील बिचारी?”

“मला काय हवंय तेच कळत नाहीये.”

“मग मी घालते. पटेल तिथे ‘व्हय म्हाराजा’ म्हण. नाही पटलं तर गप्प बस. देव समजूतदार असतो. गुरव नसतो, पण आज गुरव मी आहे.”

त्यांनी पत्त्यांसमोर हात जोडले. एरवी पुण्याच्या सुनेशी शुद्ध बोलणाऱ्या बाई देवापुढे थेट मालवणीत शिरल्या आणि आवाजही देवळातलाच लावला.

“बा देवा म्हाराजा! ह्या घरात पाळणो हलू दे रे म्हाराजा!”

क्षिप्राचे ओठ उघडले आणि मिटले.

“व्हय म्हाराजा!” बंद दाराआडून खणखणीत आवाज आला.

दोघी थिजल्या. मग सुजय घाईघाईने म्हणाला, “नहीं सर, वो घर में पूजा है. जी, जी. प्लीज कंटिन्यू.”

“सवय आहे त्याला,” इंदुमतीबाई हळूच म्हणाल्या. “लहानपणापासून गाऱ्हाण्याला हा पहिल्या रांगेत.”

“सवय नाही ती, आई,” क्षिप्रा म्हणाली. तिचे डोळे भरले होते. “त्याला हवंय. म्हणून तर मला पट्टी बघवत नाही.”

इंदुमतीबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग पुन्हा हात जोडले. या वेळी आवाज दारापर्यंत जाणार नाही इतका खाली होता.

“ह्या चेडवाक, माज्या सुनेक, नको आसात, तर तेका कोणी बोल लावू नये रे म्हाराजा. माका धरून.”

क्षिप्रा गप्पच राहिली. पण तिने सासूकडे असं पाहिलं, जणू आजच पहिली भेट होत होती.

इंदुमतीबाईंनी घसा साफ केला. गुरवाला इतकं तंगवणारा भाविक त्यांनी पाहिला नव्हता.

“जा काय आसात ता आसो. पण ह्या चेडवाक ता एकट्यान बघूचा लागू नये रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” क्षिप्रा म्हणाली. पुण्याच्या उच्चारात, पण लगेच.

ती उठली. ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला, मग बाथरूमचं दार. तिने ते नुसतं लोटलं.

इंदुमतीबाई खुर्ची ओढत त्या दारापाशी जाऊन बसल्या. मीटिंग संपवून सुजय बाहेर आला. हेडफोन गळ्यात, चेहऱ्यावर अपराधी हसू.

“काय चाललंय, आई?”

“अजून काही नाही. बस इथे. आणि काही विचारू नकोस.”

सुजयने दाराकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. त्याचं हसू विरलं. तो भिंतीला टेकून फरशीवर बसला. खिशात फोन वाजला, तो त्याने न बघताच बंद केला.

आत नळ सुटला, थांबला.

“आई,” क्षिप्राचा आवाज आला, “बाहेर आहात ना?”

“आहोत,” इंदुमतीबाई म्हणाल्या.