टायमिंग बेल्ट कधी बदलावा

मरण आणि टायमिंग बेल्ट, दोघंही आधी कळवत नाहीत. पंढरी मेकॅनिकनं बॉनेटमधून डोकं वर काढून, दोन्ही हात पसरून हे जगाला सांगितलं, आणि पार्किंगच्या पाइपावर बसलेल्या कबुतरानं ताबडतोब त्याच्या खांद्यावर आपलं मत नोंदवलं.

"पूस ते," गोजराबाईंनी फडकं पुढे केलं. "आनि नीट बोल. काय झालंय आमच्या गाडीला?"

"काकी, इंजिनच्या पोटात ह्यो रबरी पट्टा असतो. वरचे वॉल्व्ह आनि खालचे पिस्टन एकमेकांवर आपटू देत नाय. त्याला चिरा पडल्यात. तुटला की इंजिन जागच्या जागी खलास. मग थेट भंगारात."

"गाडी हलली तरी का कुठं? ह्ये गेल्यापासून इथंच उभी हाय."

"उभ्या उभ्या पन रबराचं वय होतं. नुसते किलोमीटर नाय बघायचे, वर्षं पन बघायची. आनि तुमी तर ती रोज चालू करून ठेवता. गाडी जागेवर, पन पट्टा पळतोय."

रोजचं ते चालू करणं कामोठ्याच्या त्या सोसायटीत सगळ्यांना ठाऊक होतं. सकाळी गोजराबाई चहाचा कप घेऊन खाली यायच्या, डाव्या सीटवर बसायच्या आणि हात लांब करून चावी फिरवायच्या. ड्रायव्हरची सीट त्यांच्या नवऱ्याची, सितारामांची. ते जाऊन दोन वर्षं झाली, पण तिच्यावर दुसरं कुणी बसलं नव्हतं. चहा संपेपर्यंत बाई बोलत राहायच्या. इंजिन घुरघुरत ऐकायचं. मध्येच आवाज चढायचा, मग उतरायचा. मेकॅनिक लोक याला डिझेलमधला कचरा म्हणतात. वॉचमन कसलाही धोका न पत्करता त्या सीटला सलाम ठोकायचा.

"पंढरी, बंदच करून टाक ती!" पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून चंद्रशेखर ओरडले. "धूर माझ्या देवघरात येतो. रोज सकाळी रिकाम्या गाडीशी गप्पा! काही लिमिट आहे की नाही?"

"रिकामी कोन बोलला?" गोजराबाई वर न बघताच म्हणाल्या.

गॅलरीचं दार आतून लागलं. कडीसुद्धा.

"टोचन लावून नेतो गॅरेजला," पंढरीनं आवाज खाली आणला.

"नाय. ह्यांना उचलून न्यायला लागलं होतं. गाडी आपल्या चाकांवर जाईल."

"मग मलाच चालवायला लागंल. हळूहळू नेतो, कळंबोलीपर्यंत पोचंल." त्यानं हात पुढे केला. चावी बाईंच्या मुठीतच राहिली.

"नाय बदलला तर?"

"उद्या सकाळी चावी फिरवाल तेवा तुटंल. नायतर परवा. मग ह्या गाडीतनं आवाज नाय यायचा, काकी. कवाच नाय."

गोजराबाई काचेतून आत बघत राहिल्या. सीटच्या गादीत माणसाएवढा खळगा होता. दोन वर्षांत तो भरून आला नव्हता. फोम हलक्या दर्जाचा असावा.

मग त्या वळसा घालून पलीकडे गेल्या. ड्रायव्हरचं दार उघडलं, वाकल्या आणि दुपारच्या झोपेतून एखाद्याला उठवावं तशा हलक्या आवाजात म्हणाल्या, "अहो, उठा. जरा मागं बसा. पंढरीला गाडी न्यायचीय."

त्यांनी मागचं दार उघडून धरलं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला उतरून चढायला जितका वेळ लागतो, तितका वेळ त्या थांबल्या. दार बोटं सांभाळून लावलं.

गाडी मागच्या बाजूला किंचित बसली. शॉकअप गेलेत, पंढरीनं स्वतःला बजावलं. पट्ट्याबरोबर तेही बदलायला हवेत.

तो ड्रायव्हरच्या सीटवर बसला. अगदी टोकावर, कुणाच्या मांडीवर बसल्यासारखा. बाईंनी खिडकीतून चावी त्याच्या हातावर ठेवली आणि दोन पावलं मागे सरकल्या.

"काकी, तुमी येताय ना?" पंढरीचा आवाज एकदम बारीक झाला.

"मी कशाला? ह्ये हायत ना."

चावी फिरली. इंजिन लागलं. पंढरीनं आरशात न बघता गाडी बाहेर काढायला घेतली, इतक्यात गोजराबाईंनी टपावर टकटक केली.

"आनि ऐक, खड्ड्यांतनं जरा बेतानं घे. मागं बसलं की ह्यांना मळमळतं."