दर बाजारी नवी चिठ्ठी

पोपट तुरुतुरु पिंजऱ्याबाहेर आला. ओळीतली एक चिठ्ठी त्यानं चोचीनं ओढली आणि पुंजारामपुढे टाकली. पुंजाराम काष्टीच्या बाजारात कित्येक वर्षं बसत होता. समोरची बाई मात्र त्याच्याकडे आज पहिल्यांदाच आली होती.

“लेक सासरी कशी हाय, तेवढं सांगा,” गोजरबाई म्हणाली. “आन् बोट ठिवून वाचा.”

तिचा हा प्रश्न बाजारातल्या सगळ्या पोपटवाल्यांना पाठ झाला होता. दुष्काळ सरल्यावर पहिली दिवाळी झाली, तेव्हापासून ती दर शनिवारी कुणा ना कुणापुढे बसायची. आता दसरा जवळ आला होता. दर खेपेला माणूस वेगळा, चिठ्ठ्या वेगळ्या. एकाकडे देवांची चित्रं होती आणि खाली नुसती नावं. दुसऱ्याकडे राशी होत्या. घोडनदीहून एक म्हातारा यायचा, त्याच्या जाड पुठ्ठ्यांवर वाघ, हत्ती, होडी असलं काहीबाही होतं आणि मागच्या बाजूला चार-चार ओळी मजकूर. नंदीबैलवाल्याकडे किंवा हात बघणाऱ्याकडे मात्र गोजरबाई कधी फिरकली नाही.

“एकाच्या सांगण्यावर तुमचा इस्वास कसा बसत न्हाई?” जाऊ केशरबाई विचारायची.

“परत्येकाचं येगळं आसतं,” गोजरबाई म्हणायची आणि शेण काढायला लागायची.

नवरा गेल्यापासून ती दिराच्या घरात राहत होती. गोठा तिच्याच हातावर चालायचा. एकुलती एक लेक राही कोपरगावला दिलेली. जावई साखर कारखान्यात कामाला. राही चौथी शिकलेली होती. महिन्याकाठी तिचं पत्र यायचं. श्रीमंत, म्हणजे दीर, ते वाचून दाखवायचा आणि उत्तरही तोच लिहायचा. माणूस वाईट नव्हता. पण पत्र दोन्ही अंगांनी भरलेलं असायचं आणि श्रीमंतचं वाचन एका दमात आटपायचं. “सगळी खुशाल हायेत. काळजी करू नये.”

पुंजारामनं चिठ्ठी उचलली. वर गणपतीचं चित्र होतं. त्यानं डोळे मिटल्यासारखे केले, बोट टेकवलं आणि सुरू झाला. “गजानन परसन्न हाय. लेक सुखात हाय. घरात दूधदुभतं, अंगणात पाळणा...”

बोट कागदाच्या कडेला पोचलं तरी तोंड चालूच होतं. गोजरबाई वाकून बघत होती.

“पुन्यांदा वाचा,” ती म्हणाली.

त्यानं पुन्हा तेच म्हटलं. तिनं मान हलवली.

“तसं न्हाई लिव्हलेलं. हितं लेकीचं कायच न्हाई. ‘जु-ने बै-ल वि-कू न-ये. मा-घा-त ला-भ.’ एवढंच हाय.”

पुंजारामनं आजूबाजूला पाहिलं. शेजारी मिरच्यांच्या ढिगाशी गिऱ्हाईक घासाघीस करत होतं. कुणाचं लक्ष नव्हतं.

“हळू बोला, बाई,” तो म्हणाला. “चिठ्ठ्या बापाच्या हायेत. चित्र बघून बाप जसं सांगायचा तसं मी सांगतो. मला वाचता येत न्हाई.”

“दिवाळीपातूर मलाबी येत नव्हतं.”

“मग शिकवलं कुनी?”

“तुमीच. सगळ्यांनी मिळून.” गोजरबाई पहिल्यांदाच मोकळं हसली. “पहिल्या बाजारी रामाच्या चित्राखाली दोन अक्षरं हुती. राम सोडून तिथं दुसरं काय आसनार? मग मारुतीतला मा सापडला. घरी भाकरीच्या पिठात गिरवायचे. एकाच्या चिठ्ठ्यांतली अक्षरं सरली की दुसऱ्याकडं. ह्या वयात शाळंत कोन घेतंय? आन् गावात कुनाला इचारलं तर घरी कळतंय.”

पुंजारामनं हातातली चिठ्ठी बाकीच्यांवर ठेवली. मग त्यानं सगळीच चवड तिच्यापुढे सरकवली. “एवढ्या वाचून दावता का, आक्का?”

गोजरबाईनं मांडी घातली. ती एकेक चिठ्ठी वाचायची आणि पुंजाराम चित्राकडे बघत तिच्यामागून पुटपुटायचा. दोन-तीन जोडाक्षरांशी ती अडखळली, पण थांबली नाही. चिठ्ठ्या संपल्या तेव्हा सावली त्यांच्या पाठीमागे गेली होती. आता आपल्याला वाचता येतं, हे तिला त्या दिवशी कळलं.

घरी येऊन तिनं पेटीतून राहीचं शेवटचं पत्र काढलं आणि गोठ्यामागे जाऊन बसली. हाताचं अक्षर छापील अक्षरापेक्षा अवघड गेलं. पण राहीचं वळण शाळेतल्या पाटीवरच्यासारखं गोल होतं.

“आई, मला सातवा लागला आहे. थोरलं पोर कडेवरून उतरत नाही. तू बाळंतपणाला ये आणि नंतरही इथेच राहा. मागच्या चार पत्रांत हेच लिहिलं. काका कळवतात की गुरं सोडून तुझा पाय निघत नाही. तुझ्या मनातलं खरं काय ते एकदा कळव.”

तिनं ते दोनदा वाचलं. मग उठून गायींना पाणी दाखवलं.

सकाळी तिनं बोचकं बांधलं. डिंक, खारीक, दोन लुगडी. श्रीमंत दारात दात घासत उभा होता.

“कुठं निघाला, वैनी?”

“कोपरगावला. राहीकडं.”

“आता हे कोन्त्या पोपटानं सांगितलं?” तो हसला.

गोजरबाईनं पत्र त्याच्या हातात दिलं.

“मोठ्यानं वाचा, भावजी,” ती शांतपणे म्हणाली. “काय गाळलं तर मी सांगते.”

श्रीमंत त्या कागदाकडे बघत राहिला. मग चूळ भरून त्यानं वाचायला सुरुवात केली, एकेक ओळ, अगदी शेवटपर्यंत. वाचून झाल्यावर त्यानं तिचं बोचकं उचललं आणि तो एस.टी. स्टँडकडे तिच्यापुढे चालू लागला.