दुसरं पायथन

बमरोलीच्या प्रमिलाबाईंचा भरतकामाचा प्रोग्राम महिन्यात चौथ्यांदा बंद पडला आणि कंपनीच्या सपोर्टला बसलेल्या चेतनने त्यांचा कॉम्प्युटर आपल्या स्क्रीनवर उघडला. दुखणं नेहमीचंच होतं. प्रोग्रामसोबत तो चालवणारं पायथन नावाचं सॉफ्टवेअर येतंच, पण कॉम्प्युटरवर दुसरं पायथन बसवलं की प्रोग्राम त्याच्या नादी लागतो आणि अडकतो. पहिल्यांदा ते त्यांच्या मुलाने पुण्याला नोकरीवर जाण्याआधी टाकलेलं होतं.

ते काढायला दोन मिनिटं पुरत. मग अर्धा तास प्रमिलाबाई अहिराणीत बोलत बसत.

"जेवना का रे भाऊ? कसानी भाजी व्हती?"

दिवसभर गुजराती-हिंदीत तक्रारी ऐकून रिकाम्या खोलीवर परतणाऱ्या चेतनला सुरतेत एवढं दुसरं कोणी विचारत नव्हतं.

आज त्याने सहज वेळ पाहिली. दुसरं पायथन सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी बसवलेलं होतं आणि प्रमिलाबाईंचा फोन आला होता दहा वाजून दहाला.

"मावशी, कंप्युटरले घरमा आखो कोनी हात लावस का?"

"कोन लाई रे भाऊ? मी एकलीच ऱ्हास."

चेतनने ते पायथन काढून टाकलं. प्रोग्रामने बाहेरच्या पायथनकडे बघूच नये, अशी सोय सेटिंगमध्ये होती. तिथे एक टिक केली की हा घोळ कायमचा मिटला असता.

ती टिक त्याने पहिल्या दिवसापासून मुद्दाम केली नव्हती.