तेल गरम झाल्यावर

शाळेची बस शेडमध्ये उभी करून तिने हँडब्रेक ओढला, पण इंजिन बंद केलं नाही. खिडकीतून डोकं बाहेर काढून हाक मारली, "मिस्त्री, इकडे या. वर बसा."

मिस्त्री म्हणजे तिचा नवरा. घरी ती त्याला 'अहो' म्हणायची, तो तिला 'अगं'. शेडमध्ये मात्र तो मिस्त्री आणि ती ड्रायव्हरबाई. हा नियम दोघांनी मिळून केलेला, आणि घरातली भांडणंसुद्धा तो मोडू शकली नव्हती. बसचं स्टिअरिंग जड जातं हे तो मानत नव्हता, आणि त्यावरून कालचं भांडण तर चांगलंच रंगलं होतं.

"सकाळीच तपासलाय मी स्टिअरिंगचा पंप," हात पुसत तो म्हणाला. "नव्या ड्रायव्हरनेही गाडी फिरवून पाहिली. स्टिअरिंग लोण्यासारखं आहे म्हणाला. दोष गाडीत नाही, ड्रायव्हरबाई."

"मग कुणात आहे?"

तो पुन्हा हात पुसू लागला. मालकांपुढे मात्र बोलून बसला होता: पंप ठणठणीत आहे, बाईंचंच आता वय झालं. मालकांनी लगेच ठरवून टाकलं. सोमवारपासून गाडी नव्या ड्रायव्हरकडे; बाईंनी ऑफिसात बसायचं, फोन घ्यायचे.

"सकाळी गाडी थंड होती," ती खाली उतरली. "मी आत्ता सगळी पोरं घरोघर सोडून आलेय. आत्ता बसा, आणि जागच्या जागी वळवून दाखवा."

तो नाइलाजाने चढला. स्टिअरिंग डावीकडे नेलं, ते अर्ध्यातच अडलं. त्याने दुसरा हात लावला, मग पाठ सीटला रेटली. खालून पंप कण्हला.

"पट्टा ढिला असेल," उतरता उतरता तो म्हणाला.

"बघा की."

पट्टा ताठ होता. तेलही हवं तेवढं होतं. त्याने तेलाचा थेंब दोन बोटांत चोळला आणि उजेडात धरला. काळपट तेलात बारीक चंदेरी कण चमकले. त्याने दाब मोजायचं मीटर लावलं. सकाळी झपकन वर गेलेला काटा आता निम्म्यावरच घुटमळत राहिला. त्याने इंजिन बंद केलं, पंप निवू दिला, काढला आणि टेबलावर खोलला.

आतलं कडं आरशासारखं गुळगुळीत हवं. त्याने त्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं. नख अडखळलं. पुन्हा फिरवलं, तिथेच अडखळलं. मग त्याने तिचं बोट धरून कड्यावर टेकवलं.

"अगं, हे बघ."

शेडमध्ये तो पहिल्यांदाच तिला 'अगं' म्हणाला. तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तिच्या नखाखाली एकामागून एक चरे लागत होते.

"पार झिजलाय," तो म्हणाला. "थंड तेल दाट असतं, झीज झाकून घेतं. गरम झालं की पातळ होतं आणि या चऱ्यांतून निसटतं. दाबच राहत नाही. मला कळायला हवं होतं."

"हवं होतं."

"आणि तू रोज ही अशी वळवत होतीस? भरलेली?"

"मग काय, पोरांना उतरून ढकलायला सांगू?"

त्याला हसू आलं, पण ते ओठांवर टिकलं नाही. "मला वाटलं, तू थकलीस. तुला सांगवत नाही, म्हणून मीच..."

"थकले की मी सांगेन," ती म्हणाली. "माझ्या तोंडाने. तुम्ही सांगायचं नाही. मालकांना तर नाहीच नाही."

त्याने मान हलवली. कडं फडक्यात गुंडाळून तो मालकांच्या केबिनमध्ये गेला. दार उघडंच होतं. मालकांनी काहीतरी विचारलं आणि त्याचा आवाज एकदम चढला, "वय पंपाचं झालं होतं, साहेब. चूक माझी. बाईंची गाडी बाईंकडेच राहू द्या."

नवा पंप बसवेपर्यंत ऊन कलंडलं. आता तेलातली हवा काढायची होती. त्याने पुढची चाकं जॅकवर उचलली, तिने सीटवर चढून इंजिन सुरू केलं. तो पंपाच्या तेलाच्या टाकीत डोकावून सांगू लागला, "डावीकडे. पूर्ण. आता उजवीकडे." टाकीत बुडबुडे उठत होते. हळूहळू ते विरळ झाले, मग थांबले. तेल नितळ झालं.

"बास झालं, ड्रायव्हरबाई."

ती थांबली नाही. एका बोटाने ती स्टिअरिंग फिरवत राहिली, या टोकाला, त्या टोकाला. आणि अधांतरी उचललेली ती दोन मोठी चाकं तिचं बोट जाईल तिकडे वळत राहिली.