बाईंना फोन द्या

"थांबा, हे त्यांच्याच तोंडून ऐका," असं म्हणून साहेबांनी फोन टेबलाच्या मधोमध ठेवला आणि स्पीकर चालू केला.

जाहिरात कंपनीची सगळी माणसं मोठ्या खोलीत खुर्च्या ओढून बसली होती. वर्ष भरभराटीचं गेलं होतं. अकरा नवी गिऱ्हाइकं आली होती, जुनं एकही तुटलं नव्हतं. साहेब तासभर त्याची कारणं सांगत होते आणि प्रत्येक कारण फिरून फिरून त्यांच्यापाशीच येत होतं.

दाराशी भिंतीला टेकून फोनवरच्या बाई उभ्या होत्या. सोळा वर्षं कंपनीचे फोन त्याच घेत होत्या. एक तारखेपासून ते काम यंत्र करणार होतं, गोड आवाजात 'एक दाबा, दोन दाबा' म्हणणारं. बाईंना तसं पत्रही मिळालं होतं. यंत्राचा खोका साहेबांनी सकाळीच हौसेनं फोडून यंत्र टेबलावर मांडलं होतं.

पलीकडून गाद्यांच्या कारखान्याचे मालक बोलू लागले. हे वर्षातलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक.

"आमच्यावर एवढा विश्वास कशामुळे बसला, ते जरा सगळ्यांना सांगा," साहेब म्हणाले.

"तुमच्या फोनवरच्या बाईंमुळे."

साहेबांना वाटलं, आवाज नीट येत नाहीये.

"मी त्यांना विचारलं, आमच्या जाहिरातीचा पहिला मसुदा कसा झालाय. म्हणाल्या, परत पाठवा, साहेबांनी जेवणाच्या सुट्टीत उरकलाय. दुसरा मात्र मन लावून करतील. मी पहिला न वाचताच परत पाठवला. दुसरा झकास होता. जाहिरातवाल्यांकडे खरं बोलणारं माणूस आहे म्हटल्यावर मी आणखी चौघांना तुमच्याकडे धाडलं."

साहेबांचे कान तापले. या गिऱ्हाइकाच्या चोखंदळपणाचं कौतुक ते वर्षभर घरीदारी करत आले होते. मागच्या रांगेत कुणीतरी हसू खोकल्यात लपवलं.

"बाई आहेत का तिथे? बाई, पुढच्या वर्षाचं काम यांनाच देऊ ना?"

साहेबांनी दोन्ही हातांनी खुणा केल्या. बाईंनी त्या पाहिल्या आणि फोनपाशी आल्या.

"द्या की. फक्त काय विचारायचं ते या महिन्यातच विचारून घ्या. एक तारखेपासून फोनवर मी नाही, यंत्र आहे."



"मग राहू द्या," मालक म्हणाले. "पुढचं पुढे बघू."

"अहो, कसलं यंत्र घेऊन बसलात," साहेब फोनवर ओणवे झाले. "ते आम्ही केव्हाच परत पाठवलंय. बाई इथेच राहणार."

"असं? बाईंना फोन द्या बरं. बाई, हे खरं आहे का?"

सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी साहेबांकडे पाहिलं.

"अजून नाही," बाई म्हणाल्या. "पण साहेब खोक्यासाठी चिकटपट्टी शोधतायत."